टॅबला हेडफोन लावला की खरखर? नवा कनेक्टर घेण्याआधी हे करून बघा

बेळगावच्या खडेबाजारात म्हणा, निपाणीत म्हणा, नाहीतर खानापूरच्या बाजारपेठेत म्हणा, मोबाईलच्या कुठल्याही दुकानात जाऊन "टॅबला हेडफोन लावला की खरखर येते" एवढं सांगितलं की काउंटरवर नवा कनेक्टर येऊन पडतो, म्हणजे टॅबच्या चार्जिंगच्या टाइप-सी भोकात लावून त्याला हेडफोन जोडायची ती छोटी वायर. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे विकायला तेवढंच आहे. पण आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या बॅगेत असे दोन-दोन कनेक्टर सापडतात, आणि तरी "सर, अजून खरखर येऊलालीय" हे गाऱ्हाणं थांबत नाही. कारण बऱ्याच वेळा ती खरखर कनेक्टरची नसतेच. ती चार्जरची असते, जाड कव्हरची असते, पोर्टमध्ये, म्हणजे त्या चार्जिंगच्या भोकात, दाबून बसलेल्या कापसाची असते, नाहीतर टॅबशेजारी ठेवलेल्या बटणाच्या मोबाईलची असते.

खरखर नेमकी कुठून येते ते घरबसल्या कसं शोधायचं, एवढंच इथे सांगतोय. हत्यारं म्हणजे एक टॉर्च, एक लाकडी टूथपिक आणि तासाभराची शांतता. शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड, ते मला माहीत आहे.

सुरुवातीला एवढं माहीत असू द्या

तुमच्या टॅबला कनेक्टर लागतो का, ते आधी बघा. हसू नका. टॅबच्या वरच्या कोपऱ्यात हेडफोनचं गोल भोक आहे आणि कव्हरने ते झाकलंय, म्हणून टाइप-सीचा कनेक्टर विकत आणलेली माणसं मी पाहिली आहेत. आयपॅड प्रोमधलं हे भोक २०१८ मध्ये गेलं, आयपॅड एअरमधलं २०२० मध्ये, मिनीमधलं २०२१ मध्ये आणि साध्या आयपॅडमधलं २०२२ च्या दहाव्या पिढीत. सॅमसंगच्या महागड्या टॅब एस मालिकेतून ते २०१९ पासून नाहीसं झालं. पण टॅब एस६ लाइट, टॅब ए८, टॅब ए९ यांना ते आहे. भोक असेल तर हेडफोन सरळ तिथे लावा. निम्म्या कटकटी तिथेच संपतील.

कनेक्टर लागत असेल, तर त्याच्या दोन जाती असतात. दिसायला दोन्ही सारख्याच: एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला ३.५ एमएमचं भोक. पण एकात नुसत्या तारा असतात. आवाज टॅबच तयार करतो आणि टाइप-सीच्या पिनांतून बाहेर सोडतो, कनेक्टर फक्त तो पुढे पोचवतो. दुसऱ्या जातीच्या कनेक्टरमध्ये एक बारीक चिप असते. टॅब तिला फक्त आकडे पाठवतो आणि त्या आकड्यांचा आवाज ती चिप करते. या चिपला डीएसी म्हणतात. टाइप-सीच्या आयपॅडला चिपवालाच कनेक्टर लागतो. अँड्रॉइडमध्ये काही टॅबना नुसत्या तारांचा चालतो, बऱ्याचशांना चालत नाही. मात्र चुकीच्या जातीचा कनेक्टर लावला तर शक्यतो आवाजच येत नाही, खरखर येत नाही. म्हणजे तुम्हाला गाणं ऐकू येतंय आणि त्याच्यासोबत खरखर आहे, तर जात बरोबर आहे. चूक दुसरीकडे शोधायची.

पायरी १: खरखर रेकॉर्डिंगमध्येच तर नाही?

मास्तरांनी पंख्याखाली बसून फोनवर रेकॉर्ड केलेलं लेक्चर, किंवा आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं कीर्तन असेल, तर 'स्स्स' मूळ रेकॉर्डिंगमध्येच असणार. ती टॅबच्या स्पीकरवर लक्षात येत नाही. हेडफोन कानात घातला की सगळं उघडं पडतं.

म्हणून तपासणीसाठी नेहमी एकच स्वच्छ रेकॉर्डिंग ठेवा. ते डाउनलोड केलेलं असू द्या आणि त्यात मध्येमध्ये शांत जागा असू द्यात. बातम्यांचं चांगलं बुलेटिन चालेल, एखादं नवीन गाणं चालेल. त्या शांत जागेत कान द्या. आवाजाचं बटण कमी-जास्त केल्यावर 'स्स्स'ही तेवढीच कमी-जास्त होते का? होत असेल तर ती बहुतेक रेकॉर्डिंगमधली. बटणाचा काही परिणामच होत नसेल, तर ती टॅब, कनेक्टर किंवा हेडफोन यांपैकी कुणाची तरी आहे.

इथे पुष्कळजण फसतात. गाणं थांबवून 'आता खरखर गेली, म्हणजे गाण्यातच होती' असा निष्कर्ष काढू नका. चिपवाला कनेक्टर गाणं थांबलं की काही सेकंदांत झोपी जातो आणि स्वतःची खरखरही सोबत नेतो. गाणं चालू असताना, त्यातल्या शांत जागेतच ऐका.

पायरी २: सगळं काढून टाका

चार्जर काढा. कव्हर काढा. टॅब एअरप्लेन मोडवर टाका. ब्लूटूथ बंद करा. जवळचे सगळे मोबाईल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. कीबोर्ड, पेनड्राइव्ह, हब काही जोडलं असेल तर तेही सोडवा. कनेक्टर टॅबमध्ये नीट दाबा, हेडफोनची पिन कनेक्टरमध्ये 'टक्' होईपर्यंत दाबा, आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐका.

खरखर गेली? मग तुमचा कनेक्टर चांगला आहे, एक रुपयाही खर्च करू नका. पायरी ३ ला जा. खरखर तशीच आहे? मग पायरी ४ ला.

पायरी ३: एकेक गोष्ट परत जोडा

एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम जोडल्या तर कुणामुळे झालं ते कळणार नाही, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

कव्हर आधी. जाड रबरी कव्हरचं छिद्र लहान असेल तर कनेक्टरचा प्लास्टिकचा भाग कडेला अडतो आणि टाइप-सीचं टोक पूर्ण आत जात नाही. जेमतेम टेकून राहतं. टॅब हलवला की 'कर्र', मांडीवर ठेवला की 'कट्'. कव्हर घालून आणि काढून कनेक्टर लावून बघा, किती आत जातो त्यातला फरक नजरेलाच दिसतो. उपाय म्हणजे कव्हरचं छिद्र ब्लेडने थोडं मोठं करणं. टॅब बाहेर काढून, हे सांगायला नको.

नंतर नेटवर्क. आपल्या भागात याला जरा जास्त महत्त्व आहे, म्हणून सविस्तर सांगतो. हेडफोनमध्ये 'टिर-टिर-टिर्रर्र' असा लयीतला आवाज येतो का? पूर्वी फोन वाजायच्या आधी टीव्हीच्या, टेपच्या स्पीकरमध्ये यायचा तसा? तो टू-जीच्या मोबाईलचा. हा मोबाईल सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत लहरी सोडतो. हेडफोनची लांब वायर त्या लहरी पकडते आणि ती २१७ ची लय आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. टॉवर जितका लांब, तितका मोबाईल जोर लावून लहरी सोडतो. म्हणून टिळकवाडीत जे कधी जाणवत नाही, ते जांबोटी, कणकुंबीकडच्या रानात बसल्यावर छळतं. त्यात आपण हद्दीवरची माणसं. निपाणीच्या किंवा खानापूरच्या टोकाला मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा महाराष्ट्र-गोव्याचा, आणि या धरसोडीत त्याचं लहरी सोडणं चालूच राहतं. टॅबमध्ये सिम असेल तर टॅबही तेच करतो.

उपाय साधा आहे. बटणाचा मोबाईल हातभर लांब ठेवा. हेडफोनची वायर मोबाईलवरून नेऊ नका. अभ्यासाचा व्हिडिओ वायफायवर आधी डाउनलोड करा आणि ऐकताना एअरप्लेन मोड लावा. टॅबच्या सिमला सेटिंग्जमध्ये फोर-जी किंवा त्यावरच ठेवण्याची सोय असेल तर तसं करा, म्हणजे तो टू-जीवर उतरणार नाही.

एक गल्लत टाळा. ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा आवाज डब्यातून आल्यासारखा तुटत असेल, शब्द गिळले जात असतील, तर ती खरखर नव्हे, नेटची रड आहे. कनेक्टरला त्यात ओढू नका.

आता चार्जर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो. टॅबला टाइप-सी एकच, त्यामुळे चार्जिंग आणि हेडफोन दोन्ही एकदम चालवायला लोक 'टू-इन-वन' कनेक्टर घेतात आणि चार्जरमधला सगळा कचरा सरळ कानात ओततात. 'हम्म' किंवा 'घुंई' असा एकसुरी आवाज, चार्जर लावला की सुरू, काढला की बंद. याहून स्पष्ट पुरावा नको.

घरची लाईट २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. चार्जर ती कापून, तुकडे करून बारीक व्होल्टेजवर आणतो. या कापाकापीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चार्जरमध्ये लाईटची बाजू आणि टॅबची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर, म्हणजे हा आवाज गाळणारा भाग, बसवलेला असतो. त्यातून अगदी किंचित करंट टॅबच्या अंगावर येतो. खात्री करायची असेल तर चार्जिंगला लावलेल्या टॅबच्या धातूच्या पाठीवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवा. गुळगुळीत पत्रा खरखरीत लागतो, झिणझिण्या येतात. चार्जर काढून पुन्हा बोट फिरवा, पत्रा गुळगुळीत. चांगल्या चार्जरमध्ये हा करंट निरुपद्रवी असतो. पण तोच हेडफोनच्या तारेतून तुमच्या अंगात आणि अंगातून जमिनीत वाट शोधतो, आणि 'हम्म' ऐकू येतं. म्हणूनच काहीजण सांगतात, "पाय जमिनीला टेकवले की आवाज बदलतो." त्यांना वेड्यात काढू नका, खरंच बदलतो.

यावर "अर्थिंग खराब आहे, करून घ्या" असा सल्ला हमखास मिळतो. अर्थिंग चांगलं हवंच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालावं, हेही खरं. पण मोबाईल-टॅबचे बहुतेक चार्जर दोन पिनांचे असतात, अर्थिंगची तार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा अर्थिंग दुरुस्त करून टॅबची 'हम्म' जाईल ही आशा सोडा. टॅब तीन पिनांच्या लॅपटॉपवरून चार्ज करत असाल तर मात्र अर्थिंगचा संबंध येतो.

चार्जर दोषी आहे का हे ठरवायला पॉवर बँक लावून बघा. तिचा भिंतीशी संबंध नाही. पॉवर बँकेवर 'हम्म' गेली तर चार्जर किंवा लाईट दोषी. गेली नाही, किंवा बारीक शिट्टीसारखी झाली, तर टू-इन-वन कनेक्टर किंवा पॉवर बँकच दोषी.

लाईट गेल्यावर, इन्व्हर्टर सुरू झाल्यावरच 'घुंई' येत असेल तर इन्व्हर्टर बघा. स्वस्तातले इन्व्हर्टर 'स्क्वेअर वेव्ह' असतात. त्यांची लाईट लाटेसारखी नसून पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि पंख्यापासून टॅबपर्यंत सगळं गुरगुरतं. 'प्युअर साइन वेव्ह' इन्व्हर्टरवर हा त्रास कमी. पण हेडफोनसाठी कुणी इन्व्हर्टर बदलू नये. लाईट असताना टॅब चार्ज करून ठेवावा आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर ऐकावं. वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत शेजारी यंत्रमाग चालू-बंद झाला, किंवा घरात मिक्सर, फ्रिज सुरू झाला की 'टक्' होते, तिलाही हेच औषध.

आणि हे मात्र ठासून सांगतो: रस्त्यावरच्या, नाव ना गाव अशा चार्जरवर टॅब लावून कानात वायरचा हेडफोन घालू नका. खरखरीसाठी नव्हे, जिवासाठी. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी छापलेली असते: मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस १३२५२ किंवा नवा आयएस/आयईसी ६२३६८, आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर टाकला की खरा-खोटा कळतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, तेव्हा तर चार्जर भिंतीवरूनच काढून ठेवा.

पायरी ४: तिघांपैकी कोण?

सगळं काढूनही खरखर आहे, म्हणजे हेडफोन, कनेक्टर आणि टॅबचं पोर्ट या तिघांपैकी एकजण.

हेडफोन दुसऱ्या कुठल्यातरी भोकात लावून बघा: लॅपटॉप, जुना स्मार्टफोन, बटणाचा मोबाईल. बटणाच्या मोबाईलवर रेडिओ लावून तपासू नका, रेडिओची स्वतःची सरसर असते आणि तुम्ही चांगल्या हेडफोनला फाशी द्याल. मेमरी कार्डातलं गाणं लावा. गाणं चालू असताना वायर पिनेजवळ, मग कानाजवळ, मग ती दोन वायरींत फुटते त्या जागी हळूहळू वाकवा. एखाद्या जागी 'कर्र' होऊन एक कान गेला-आला करत असेल तर तार आतून तुटली आहे.

हेडफोन चांगला निघाला तर टॅबकडे वळा, आणि ही चाचणी नक्की करा: कनेक्टर काढा, उलटा करून परत लावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो उलटवला की टॅबच्या पोर्टमधल्या वेगळ्या पिना वापरल्या जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं. एका बाजूने खरखर आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ आवाज, असं झालं तर संशय टॅबच्या पोर्टवर. तिथल्या काही पिना मळल्या किंवा झिजल्या आहेत. दोन्ही बाजूंनी सारखीच खरखर असेल तर कनेक्टरवर. मैत्रिणीचा कनेक्टर दहा मिनिटांसाठी मागून आणा आणि खात्री करा.

आणखी एक गंमत. गाणं लावलं, वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाजच गायब, सगळं विहिरीतून आल्यासारखं. टॅब बिघडला नाही. पिन अर्धवट आत गेली आहे. पिनेवरचा अर्थचा भाग टेकत नाही, तेव्हा डाव्या आणि उजव्या कानाचे आवाज एकमेकांतून वजा होतात. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो जातो, उरतात बाजूची वाद्यं. पिन पूर्ण दाबा. पूर्ण दाबूनही तसंच असेल तर हेडफोनच्या पिनेकडे बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर तो माइकवाला. माइकवाल्या पिनांच्या जोडणीच्या दोन पद्धती आहेत. काही जुन्या हेडफोनमध्ये माइक आणि अर्थ यांच्या जागा आजच्यापेक्षा उलट असतात. वायरीवरचं बटण दाबून धरा. बटण दाबलेलं असेपर्यंत आवाज सरळ झाला तर कारण हेच, आणि तो हेडफोन या टॅबला लावायचा नाही.

पायरी ५: साफसफाई

आपल्याकडे दोन ऋतू पोर्टचे शत्रू. उन्हाळ्यात धूळ. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या पश्चिमेला, हवाच इतकी ओली की पापड मऊ पडतात, तिथे तांब्या-पितळेच्या पिनांचं काय होत असेल! हेडफोनच्या पिनेवर काळसर किंवा हिरवट थर दिसला तर तो खरखरीला पुरेसा आहे.

टॅब पूर्ण बंद करा, नुसती स्क्रीन नव्हे. टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा. मधोमध एक पातळ जीभ दिसेल. तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा अशा चोवीस पिना असतात. ही जीभ वाकली तर टॅब चार्जही होणार नाही. म्हणून सुई, सेफ्टीपिन, सिम काढायची पिन, काही म्हणजे काही धातूचं आत घालायचं नाही. लाकडी टूथपिकचं टोक चाकूने तासून चपटं करा आणि जिभेला हात न लावता, बाहेरच्या भिंतीला घासून, तळापर्यंत नेऊन हळूच बाहेर ओढा. बॅगेतल्या टॅबमध्ये बहुधा तळाशी राखाडी रंगाचा दाबलेला गोळा निघतो. तो इतका घट्ट बसलेला असतो की वरून बघितलं तर पोर्टचा तळच वाटतो. दोन-तीनदा ओढल्यावर एकदम निघतो, आणि मग कनेक्टर जरा जास्तच आत जातो.

तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. हवेचा छोटा रबरी पंप असेल तर बरा. हेडफोनच्या पिनेला आणि कनेक्टरच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला सुती कपडा घासा आणि दहा मिनिटं सुकू द्या. हे अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं. थिनर, पेट्रोल तर नकोच, प्लास्टिक खाऊन टाकतं.

टॅब पावसात भिजला किंवा त्याने पोर्टमध्ये ओलावा असल्याचा इशारा दिला, तर त्या दिवशी कनेक्टर लावूच नका. पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे, पण तांदळाची पावडर पोर्टमध्ये जाते आणि एकाचे दोन होतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जास्त कामाच्या.

सेटिंग्जमधलं थोडं

कीबोर्ड दाबला की हेडफोनमध्ये 'टक्', नोटिफिकेशन आलं की 'टक्' असं होत असेल तर तो चिपवाल्या कनेक्टरच्या जागं होण्याचा आवाज आहे. सेटिंग्जमध्ये साउंडखाली कीबोर्ड आणि स्पर्शाचे आवाज बंद करा, निम्मं काम होतं. इक्वलायझर, डॉल्बी, 'आवाज वाढवा' छाप अॅप्स काढून टाका. ती आवाज वाढवताना खरखरही वाढवतात आणि वरच्या पट्टीत आवाज फाटतो. जुन्या टॅबवर एकदम चार अॅप्स चालू असताना 'कट-कट' येत असेल तर ती अॅप्स बंद करा आणि बॅटरी वाचवायचा मोड काढून बघा. प्रोसेसरला वेळेत आवाज पुरवता आला नाही की असं तुटतं.

सगळं करून शांत जागेत अगदी पुसटशी 'स्स्स' उरली तर ती सोडून द्या. कानात खोल बसणारे नाजूक इअरफोन कनेक्टरची मूळची सरसरही ऐकवतात. त्याच कनेक्टरला मोठा, कान झाकणारा हेडफोन लावा, ती नाहीशी होते.

कनेक्टर घ्यायचाच असेल तर

पायरी ४ मध्ये कनेक्टरच दोषी ठरला असेल, तर दुकानात जाताना स्वतःचा टॅब आणि स्वतःचा हेडफोन घेऊन जा. तपासणीचं तेच रेकॉर्डिंग टॅबमध्ये असू द्या. संध्याकाळी बाजारात इतका गोंगाट असतो की खरखर असली तरी कळत नाही, दुपारी जा. "डीएसीवाला टाइप-सी टू जॅक द्या" असं सांगा. लावा, शांत जागेत ऐका, उलटा करून परत ऐका, टोकाशी वायर किंचित वाकवून बघा. टोकाशी वायरीवर रबराची लवचिक बाही असलेला कनेक्टर जास्त टिकतो. पक्कं बिल घ्या. अॅपलचा स्वतःचा टाइप-सीचा कनेक्टर चिपवाला आहे आणि आयपॅडला निर्धास्त घ्यावा, पण काही अँड्रॉइड टॅबवर त्याचा आवाज बारीक येतो, म्हणून तिथे लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टू-इन-वन शक्यतो नको.

"ब्लूटूथ घे ना" असं दुकानात कुणीतरी म्हणेलच. भाषणं ऐकायला ठीक आहे. पण त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. टॅबवर पेटी-तबल्याचं अॅप लावून रियाझ करणाऱ्याला ते चालत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याची बॅटरी संपते.

उलटवून बघण्याच्या चाचणीत टॅबचं पोर्ट दोषी निघालं आणि साफ करूनही फरक पडला नाही, तर दुरुस्तीशिवाय इलाज नाही. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये हे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं, ते बोर्ड बदललं की काम होतं. आयपॅडमध्ये काम किचकट आहे, वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रातच न्या. टॅब देण्याआधी नोट्स आणि फोटोंचा बॅकअप घ्या, आणि कारागिराला नुसतं "खरखर येते" असं न सांगता कनेक्टर कुठल्या बाजूने लावल्यावर येते आणि कुठल्या बाजूने येत नाही ते दाखवा. मग तो आधी पोर्ट उघडेल, स्पीकर आणि बॅटरी नाही.